खालचं पातं

आमच्या घरात धनुष्य आलं तेव्हा ते कुठं ठेवायचं यावरून पहिलं भांडण झालं. बाबा म्हणाले, खाटेखाली सरकव. आई म्हणाली, रामाचं हत्यार ते, खाटेखाली पाय लागतील, देवापुढं ठेव. देवापुढं ठेवलं तर संध्याकाळी कोंबडी त्यावर चढून बसली. शेवटी मी ते माझ्या पत्र्याच्या पेटीत, वह्यांवर आडवं टाकलं. तेही सुटं करून, कारण ते धनुष्य तीन तुकड्यांचं होतं. मधला धातूचा दांडा, त्याला वरून बसणारं एक पातं आणि खालून बसणारं दुसरं. टोकाशी दोन्ही पाती पुढं वळलेली. आईने ते तुकडे पाहिले आणि कपाळाला हात लावला. "मोडकंच दिलंय गो तुला! सरांना सांग, आमी गरीब असलो तरी मोडकं नाय घेत." तिला दांडा, पाती, दोरी सगळं जोडून दाखवलं तेव्हा ती जरा गप्प झाली, पण मनातून तिची खात्री पटली नव्हती.

आमचं घर खर्डीच्या अलीकडे, भातशेतीच्या कडेला. बाबा गवताच्या वखारीत तोलणारे. उन्हाळाभर त्यांच्या बनियनला, केसांना, अगदी भाकरीलाही गवताचा चुरा लागलेला असायचा. वखारीतला गठ्ठे दाबायचा दांडा खालीवर होताना जो कर्रर्र आवाज यायचा, तो आमच्या ओसरीपर्यंत ऐकू यायचा आणि तो थांबला की आई भाकरी तव्यावर टाकायची. तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं, नाहीतर सुकट. सुकट भाजायला घेतली की शेजारची मांजरं आधी यायची आणि बाबा मागून. मी उंच, हडकुळी, हात गुडघ्यापर्यंत आलेत की काय असं वाटावं इतके लांब. "हिला बांगड्या कमी, बाही जास्त लागते," असं आई शिंप्याला सांगायची. त्या हातांचा आयुष्यात कुठं उपयोग होईल असं कुणालाच वाटत नव्हतं, मलाही नाही.

शाळेतल्या कवायतीच्या सरांनी कुणा ओळखीच्या माणसाकडून ते जुनं परदेशी धनुष्य मिळवलं होतं. सर स्वतः ते एका पातळशा पुस्तिकेवरून शिकले आणि आम्हाला शिकवलं. सुरुवातीला सहा मुली होत्या. कुणाचं बोट सोललं, कुणाचं लग्न ठरलं, कुणाला घरून नको म्हणाले. उरलो दोघी, मी आणि हिरा. हिरा डोळखांबच्या बाजूच्या एका पाड्यावरची. शाळेसाठी आत्याकडे खर्डीत राहायची. बुटकी, रुंद खांद्यांची, हात आखूड, बोलणं त्याहून आखूड. मी दिवसभर टकळी चालवायची आणि ती मधूनच एक वाक्य टाकायची, तेही असं की माझी पुढची दहा वाक्यं तिथंच अडकून पडायची.

धनुष्य एक आणि आम्ही दोघी. हिरा ओढायची तेव्हा दोरी तिच्या हनुवटीशी अशी येऊन थांबायची जणू तिथंच तिचं घर आहे. मी ओढायची तेव्हा अर्ध्यापर्यंत सगळं छान आणि शेवटचं दोन बोटं अंतर उरलं की अचानक भिंत लागायची. पुढं दोरी येईचना. आली तरी तिरकी होऊन बोटं चिमटायची आणि पाठीत कळ यायची. हिराला म्हटलं, "तुला ती भिंत लागत नाय?" ती म्हणाली, "कुठली भिंत?" मला वाटलं ही थापा मारते, नाहीतर हिच्या अंगात माझ्या दुप्पट जोर आहे. तिचं म्हणणं होतं, तुझ्याच अंगात कायतरी गडबड आहे. यावर आमचा आठवडाभर वाद चालला. शेवटी मी बाबांच्या मागे लागून एका सुट्टीच्या दिवशी वखारीतला ताणकाटा मागून आणला. गवताचा भारा आकड्याला अडकवून तोलायचा तो काटा. आंब्याच्या फांदीला धनुष्याचा दांडा बांधला, काट्याचा आकडा दोरीला लावला आणि हिरा खाली ओढू लागली. मी शेजारी पट्टी धरून इंच मोजत होते. एक इंच ओढलं की काटा थोडा पुढं, आणखी एक इंच की तेवढाच आणखी पुढं. असं अगदी शहाण्यासारखं चाललं होतं. हिराची ओढ जिथं संपते तिथपर्यंत काट्याने वेडंवाकडं काही केलं नाही. तिथून पुढं माझी ओढ सुरू झाली आणि काटा एकेका इंचाला उड्याच मारायला लागला.

काय आनंद झाला म्हणून सांगू! भिंत खरी होती. माझ्या अंगात गडबड नव्हती आणि हिराही थापाडी नव्हती. धनुष्य आखूड होतं. ते तिच्या हातांच्या मापाचं होतं, माझ्या नव्हे. पाती जेवढी वाकायची तेवढी वाकून झाली की पुढचं ओढणं म्हणजे नुसती ओढाताण. आज हे कुठलाही शिकाऊ पोरगा मला दोन वाक्यांत सांगेल, वर मोबाइलवर चित्र दाखवेल. पण आंब्याखाली उभं राहून गवताच्या काट्यावर ते स्वतः बघण्यात जी मजा होती ती त्याला कुठून मिळणार? त्या दिवशी हिरा पहिल्यांदा खळखळून हसली आणि म्हणाली, "ए मंजे, आता तुझे हात तरी काप, नायतर धनुष्य तरी वाढव."

धनुष्य वाढवता येणार नव्हतं, पण नरम करता येत होतं. प्रत्येक पातं दांड्याला एका जाड बोल्टने धरलेलं असतं. तो बोल्ट थोडा सैल केला की पातं थोडं मागं कलतं आणि ओढ हलकी होते. म्हणून माझ्या पाळीला मी दोन्ही बोल्ट अर्धा फेरा सोडायची आणि हिरा तिच्या पाळीला ते परत आवळायची. चूक होऊ नये म्हणून बैलांच्या शिंगांना लावतात तो ऑइलपेंट घेऊन आम्ही बोल्टच्या डोक्यावर खुणा केल्या. लाल खूण दांड्यावरच्या रेघेला आली की माझं धनुष्य, पिवळी आली की तिचं. आम्हाला वाटलं, केवढी अक्कल चालवली!

आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत मैदानात पाणी साचायचं आणि सराव तीन-चार आठवडे बंद असायचा. धनुष्य माझ्या घरी, कारण सरांच्या खोलीचं छप्पर गळत होतं. मी दरवर्षीसारखी मुरबाडकडे मामाच्या गावाला आवणीला गेले. तिकडे माणसं कमी, शेत जास्त. दिवसभर वाकून रोपं लावायची, आणि मामी बांधावर भाकरी घेऊन आली की चिखलाच्या हातांनी कुणी कुणाला काय फासलं याच्या तक्रारी ऐकायच्या. धनुष्याची मला आठवणही झाली नाही, खोटं कशाला बोलू. परत आले तर ते पेटीत जसंच्या तसं होतं.

सराव सुरू झाला. जिल्ह्याच्या निवड चाचणीला महिना राहिला होता आणि सरांनी सांगून टाकलं होतं की एका धनुष्यावर ते एकीलाच नेऊ शकतील, जिचे बाण बरे पडतील तिला. मी पहिल्याच दिवशी लाल खुणेवर बोल्ट लावले, ओढलं आणि बिचकले. हे माझं धनुष्य नव्हतं. सुरुवातीला मऊ, जरा जास्तच मऊ. शेवटी नेहमीची भिंत. पण भिंतीशी पोचल्यावर धनुष्य शांत उभं राहीना, नाक वर करायला लागलं. मी खाली दाबायची, ते परत वर. तळहाताचा खालचा भाग दुखायला लागला. बाण एक निशाणाच्या डोक्यावरून, एक पायाशी. तीन दिवस असंच चाललं. हिराचेही बाण विस्कटले होते, पण माझ्याइतके नाहीत. आणि माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला.

खुणा जागच्या जागी होत्या. पण बोल्ट एक अख्खा फेरा जास्त सोडला तर? तरी खूण तिथंच येणार! रात्री अंथरुणात हे सुचलं आणि मी ताडकन उठून बसले. स्वतःच्या हुशारीवर मी इतकी खूश झाले की त्यापुढं दुसरा काही विचारच केला नाही. दुसऱ्या दिवशी सरांसमोर, मैदानात, मी सांगितलं. धनुष्य नाक वर करतं म्हणजे खालचं पातं नरम, म्हणजे हिराने खालचा बोल्ट एक फेरा जास्त सोडला. चुकून असेल नाहीतर चाचणीसाठी मुद्दाम असेल. 'मुद्दाम' हा शब्द मी वापरला. तो मला अजून ऐकू येतो, माझ्याच आवाजात.

हिरा म्हणाली, "मी नाय फिरवला." सरांनी विचारलं, नक्की? ती परत म्हणाली, "नाय फिरवला." बस, एवढंच. आणि मी मात्र काटा, फेरे, खुणा असं घडाघडा बोलत सुटले. बोलणाऱ्याचं खरं वाटतं, तसं सरांनाही वाटलं. ते म्हणाले, "हिरा, चाचणी होईपर्यंत तू धनुष्याला हात लावू नकोस." तिने दोरी ओढताना बोटांवर घालायचं चामडं काढलं, माझ्या हातात दिलं आणि गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही. चौथ्या दिवशी तिच्या आत्याने सांगितलं, ती पाड्यावर गेली, आता शाळाही नको म्हणते.

मग धनुष्य माझ्या एकटीचं झालं. बोल्टला माझ्याशिवाय कुणाचा हात लागत नव्हता. मी खालचा बोल्ट एक फेरा आवळला, तेव्हा ते जरा शांत झालं. जीव भांड्यात पडला. आठ दिवसांत परत नाक वर. आता काय? आता तर हिरा नव्हती. त्या दिवशी मी सगळं सुटं केलं आणि जे आधी करायला हवं होतं ते केलं. वरचा बोल्ट शेवटपर्यंत आत फिरवत फेरे मोजले. मग खालच्याचे मोजले. त्यात मी आवळलेला एक फेरा मिळवला, तर दोन्ही बरोबर सारखे.

हिराने काही फिरवलं नव्हतं.

मी तिथंच मातीत बसले. सर लांब मुलांची कवायत घेत होते, त्यांच्या शिट्टीचा आवाज येत होता, आणि मला त्यांच्याकडे जायचं धैर्य होईना. घाणेरडेपणा सांगते, मनात पहिलं काय आलं तर हेच की हे कुणालाच कळलेलं नाही. चाचणी बारा दिवसांवर होती. गप्प बसले असते तर निभलं असतं. पण धनुष्य बिघडलं कशाने, ते मला कळत नव्हतं. पापाची बोचणी बाजूला राहिली, त्या न कळण्यानेच मला जेवण जाईना. दोरी आणि पात्याच्या बुडामधलं अंतर पट्टीने मोजलं. सरांच्या पुस्तिकेत होतं की खालचं अंतर वरच्याहून नखभर कमी हवं. आमचं उलटंच. खालचं पातं थकलं होतं. त्यातून बारीक टिक् असा आवाजही यायचा, अगदी शेवटच्या इंचाला, माझ्या ओढीला. एकाच पात्याला काय झालं?

उत्तर आईने दिलं, तेही सुकट काढताना. आमच्याकडे चुलीवर बांबूची ताटी टांगलेली असते. बियाणाची कणसं, नव्या टोपल्या, सुपं, सुकट, ज्याला म्हणून कीड लागू शकते ते तिथं धुरात ठेवायचं. आई पाटावर चढून सुकट काढत होती आणि बोलता बोलता म्हणाली, "तुझ्या धनुष्याला बरी जागा व्हती ही. पेटीत बुरशी धरत व्हती त्याला. तू मामाकडं गेलीस तवा मी त्या दोनी पट्ट्या इथं ठेवल्या. एक अशी आडवी, एक खाली दोरीला बांधून. तू यायच्या आधी पुसून परत ठेवल्या." मी मान वर करून ताटीकडे बघितलं. "अशी काय बगतेस? बियाणाची जागा दिली त्याला! आनि हिराला इचारून ठेवलं मी. ती आलेली मैदान कधी सुकंल ते इचारायला. म्हणाली, आमच्यात पन तीरकामठा चुलीवरच ठेवतात."

खोटं कशाला बोलू, हे ऐकून मला आधी बरं वाटलं. म्हणजे हिराचाही हात आहेच की यात! एक क्षणभर मी मोकळी झाले. मग आईकडे बघितलं. धुराने डोळ्यांत पाणी आलेलं, हातात सुकटीचं ताट. तिने त्या मोडक्या वस्तूला घरातली सगळ्यात मोलाची जागा दिली होती, आणि तीही धनुष्यातलं कळणाऱ्या मुलीला विचारून. आणि मी त्या मुलीला काय म्हणून हाकललं होतं? मला रडू फुटलं. आईला वाटलं मलाही धूर लागला.

रविवारी मी हिराच्या पाड्यावर गेले. डोळखांबपर्यंत गाडी, पुढं तासभर चढ. ती अंगणात नाचणी पाखडत होती. मला बघून थांबली नाही. मी उभ्या उभ्याच सांगितलं, फेरे मोजले, तू नव्हतंस फिरवलं, चूक माझी. ती पाखडतच राहिली. मग मी चुलीवरच्या ताटीचं सांगितलं, तेव्हा मात्र तिचा हात थांबला. "धुराने बिघडलं? धुराने कसं बिघडंल?" तिने मला आत नेलं. तिच्या वडिलांचा बांबूचा कामठा चुलीवर होता, काळाभोर, चकचकीत. ती म्हणाली, "हा बघ. जेवढा धूर खातो तेवढा कडक व्हतो." आम्ही दोघी त्याच्याकडे बघत राहिलो. मग तीच म्हणाली, "हा एक तुकडा हाय. तुझ्या पात्यात काय हाय?" आणि माझ्या डोक्यात लख्ख झालं. आमचं पातं लाकडाच्या आणि काचतंतूच्या थरांचं होतं, गोंदाने चिकटवलेलं. गोंद तापला. खाली बांधलेलं पातं आगीच्या जास्त जवळ होतं. त्याचाच गोंद सुटत होता, आणि तेच टिक् टिक् करत होतं. त्या घटकेला आमच्यात भांडण झालंय हे दोघी विसरलो. आठवलं तेव्हा तिने परत नाचणीकडे तोंड वळवलं.

सोमवारी सरांना सगळं सांगितलं, 'मुद्दाम' या शब्दासकट. ते म्हणाले, "पाती कुठं ठेवायची ते मीच तुम्हाला सांगायला हवं होतं." दुसरी पाती मिळणार नव्हती. आता धनुष्य चालेल का, एवढंच त्यांना विचारायचं होतं. ते मला माहीत होतं. वखारीचा काटा मी पुन्हा मागून आणला होता, दोन्ही पाती जुळतील इतका वरचा बोल्ट सोडून ओढ मोजली होती. टिक् आवाज हिराच्या ओढीपर्यंत येत नव्हता. त्यापुढं यायचा. म्हणजे तिच्या हातात ते आणखी वर्षभर टिकलं असतं आणि माझ्या हातात आठवड्यात फुटलं असतं. मी हे सरांना न सांगता चाचणीला उभी राहू शकले असते, आठवडाच तर काढायचा होता. सांगितलं. मला खूप जायचं होतं हो त्या चाचणीला.

सर स्वतः पाड्यावर जाऊन हिराला घेऊन आले. ती निवडली गेली, पुढं दोन वर्षं खेळली. मग नवऱ्याबरोबर नाशिककडे गेली. मी त्यानंतर धनुष्य फारसं ओढलं नाही, दुसऱ्यांसाठी धनुष्यं बसवायला शिकले. अजून मुरबाडला तेच करते. हे सगळं आता लिहिताना मात्र निवड वगैरे डोळ्यांपुढं येत नाही, हिरा परत आली तो दिवस येतो.

मी धनुष्य जोडून दिलं, पाना हातात घेऊन तिच्या मागं उभी राहिले. ती माझ्याशी अजून बोलत नव्हती. तिने ओढलं, दोरी हनुवटीशी आली, थांबली. मला बाहेरून सगळं ठीक दिसत होतं, पण आत तिच्या हाताला काय कळतंय ते मला कळेना. म्हणून मी विचारलं, "कसं लागतंय?"

तिने दोरी हळूच परत पुढं नेली. माझ्याकडे वळून बघितलं.

"आता बरंय," ती म्हणाली. "तवा मला पन वर उचलत व्हतं. पयल्या दिसापासून. तू इचारलंच नाय."

मी खाली वाकून बोल्ट पाव फेरा फिरवला आणि तिला पुन्हा ओढायला सांगितलं.